अगोदरराव आणि न तुटलेला पट्टा

न मोडलेली वस्तू दुरुस्त करायला जे काळीज लागतं, ते मोडलेली वस्तू दुरुस्त करायला लागत नाही. मोडलेल्या वस्तूमागे अख्खी बिल्डिंग उभी राहते. हळहळते, सल्ले देते, घरातला पाना शोधून आणून देते, तो परत नेण्याची आठवणही करून देते. न मोडलेल्या वस्तूला हात घालणारा माणूस मात्र एकटा असतो. घरात छत्री उघडून बसलेल्या माणसाकडे बघावं तसं लोक त्याच्याकडे बघतात.

अगोदररावांना या बघण्याची सवय होती. अगोदरराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते बिल्डिंगनं ठेवलेलं. दिवा जायच्या अगोदर दिवा बदलणारा, नळ गळायच्या अगोदर वायसर बदलणारा आणि पाहुणे उठायच्या अगोदर त्यांच्या चपला दाराकडे तोंड करून ठेवणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? त्यांच्या कानावर ते नाव गेलं होतं आणि त्यांनी ते पदवीसारखं ठेवून घेतलं होतं.

दोष त्यांचाही नव्हता, नोकरीचा होता. विमा कंपनीच्या दावे विभागात त्यांची हयात गेली. टेबलापलीकडे रोज नवा माणूस येऊन बसायचा. कुणाचं दुकान जळालेलं, कुणाचं गोदाम बुडालेलं, कुणाच्या अंगावर पोटमाळा आलेला. पण वाक्य सगळ्यांचं एकच. "साहेब, काल तर ठीक होतं." हे वाक्य ऐकून ऐकून अगोदररावांचे कान किटले होते. कुणाला वर्तमानपत्रात फोटो यावासा वाटतो, कुणाला चौकाला आपलं नाव मिळावंसं वाटतं. अगोदररावांची महत्त्वाकांक्षा एवढीच होती, की हे वाक्य जन्मात आपल्या तोंडून निघू नये.

आणि आजवर ते निघालं नव्हतं.

तर झालं असं, की त्यांच्या लेकीला नोकरी लागली. गाव घाटापलीकडचं. नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी कंपनीची बस बिल्डिंगच्या कोपऱ्यावरूनच सुटणार होती, आणि लेकीची एक मैत्रीण त्याच बसनं जाणार होती.

"बस आहे की बाबा. उगाच तुम्हाला हेलपाटा," लेक म्हणाली.

"मी सोडणार. आपल्या गाडीनं," अगोदरराव म्हणाले.

शाळेला त्यांनीच सोडलं होतं, क्लासला त्यांनीच, परीक्षेच्या सेंटरवर तर तास-तास अगोदर. यापुढे पोरगी जिथे जाईल तिथे आपली आपण जाणार, हे त्यांना कळत होतं. हे शेवटचं सोडणं होतं, आणि ते कंपनीच्या बसला देऊन टाकायला ते तयार नव्हते. अर्थात यातलं एक अक्षर त्यांनी घरात बोलून दाखवलं नाही. ते फक्त उठले आणि कपाटातून गाडीचं माहितीपुस्तक काढून बसले.

ते पुस्तक वाचलेला त्या बिल्डिंगमध्ये हा एकच माणूस. त्यात लिहिलं होतं, की इंजिनाच्या कुशीत टायमिंग बेल्ट म्हणून एक दातेरी रबरी पट्टा असतो. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग तो एका तालात फिरवतो. तुटला, की वरचे आणि खालचे एकमेकांवर आदळतात आणि एकत्र कुटुंबाचं होतं ते इंजिनाचं होतं. विशेष म्हणजे तो सांगून तुटत नाही. आवाज नाही, धूर नाही, कुरकुर नाही. म्हणून तो इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं झाली की बदलावा, "यांपैकी जे अगोदर येईल ते."

या शेवटच्या शब्दांवर अगोदररावांनी मायेनं बोट फिरवलं. किलोमीटर फार झाले नव्हते, गाडी देवघरातल्या समईसारखी जपलेली. वर्षं मात्र उलटून गेली होती.

"आवाज येतोय का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"धूर?"

"नाही."

"मग बदलायचा कशाला?"

"म्हणूनच."

बायकोनं पुढे विचारलं नाही. तिला या 'म्हणूनच'चा अनुभव होता. 'म्हणूनच' करून त्यांनी एकदा चांगला चालणारा गॅसचा बर्नर बदलला होता आणि घरानं दोन जेवणं शेजारी केली होती. ती एवढंच म्हणाली, "गाडी वेळेत उभी राहिली नाही ना, तर लेक बसनं जाईल. आत्ताच सांगून ठेवते. तुमच्या भाषेत, अगोदर."

गॅरेजवाल्याला सगळे वस्ताद म्हणत. ज्ञानामुळे की मिशांमुळे, ते ठरलेलं नव्हतं. वस्तादांचा स्वभाव मोकळा. 'होऊन जाईल' हे त्यांचं ब्रीद, आणि ते कधी होऊन जाईल हे विचारणाऱ्याला ते हलका समजत.

"होऊन जाईल साहेब," वस्ताद म्हणाले. "पण माझ्या दारात रस्ता खणलाय. गाडी आत येणार नाही. मी तुमच्याकडे येतो. पार्किंगमध्येच उघडू."

इथे सोसायटीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरींचं कसं होतं, त्यांना नियम पाळण्यापेक्षा सांगण्यात गोडी. पार्किंगमध्ये वाहन उघडायचं तर अर्ज हवा. अर्ज छापील होता. त्यात एक रकाना होता, 'बिघाडाचे स्वरूप.' अगोदररावांनी तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बिघाड नाही.'

सेक्रेटरींनी अर्ज जवळ धरून वाचला, लांब धरून वाचला.

"बिघाड नाही?"

"नाही."

"मग दुरुस्ती कसली?"

"बिघाड होऊ नये म्हणून."

"अहो, पण नियमात बिघडलेल्या वाहनाला परवानगी आहे. चांगल्या वाहनाला नाही. उद्या कुणीही चांगली गाडी उघडून बसेल."

"लिहा की हो, खडखड येते म्हणून," रात्री बायको म्हणाली. "तुमची गाडी काय कोर्टात साक्ष द्यायला जाणार आहे?"

पण आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासून खोट्यावर लाल रेघ ओढलेला माणूस स्वतःच्या अर्जात खोटं कसं लिहिणार? त्यांनी खाडाखोड न करता पुढे एक शब्द वाढवला. 'बिघाड नाही. संभाव्य.'

झालं. 'संभाव्य' या शब्दावर कमिटीची बैठक बसली. निवृत्त हेडसर कमिटीचे सल्लागार होते. सल्लागार हे पद सोसायटीत नव्हतं, पण हेडसर बैठकीला येऊन बसत आणि त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. ते म्हणाले, "चालत्या यंत्राला हात लावू नये. मी शाळेची घंटासुद्धा कधी दुरुस्त करू दिली नाही. निवृत्त झालो तोवर वाजत होती."

"आणि नंतर?" अगोदररावांनी विचारलं.

"नंतरचं मला काय ठाऊक?"

शेवटी तोडगा निघाला. बिघाड होणार आहे, असा जाणकाराचा दाखला आणावा. वस्ताद दाखला द्यायला एका पायावर तयार. त्यांनी गॅरेजच्या कागदावर ग्रीसच्या अंगठ्यासह लिहून दिलं, 'सदर गाडी बिघडणार आहे.' खाली सही, आणि सहीखाली शुभेच्छांसह.

सेक्रेटरी समाधान पावले. इतके, की त्यांनी तो दाखला परवानगीसोबत नोटीस बोर्डावर लावला.

त्याचा परिणाम अगोदररावांनी धरला नव्हता. जिन्यात भेटलेली बाई लेकीचा हात धरून म्हणाली, "बसनं जा गं बाई. त्या गाडीला दाखला मिळालाय." दूधवाल्यानं चौकशी केली. समोरच्या बिल्डिंगमधला एक जण, जो रोज सकाळी हक्कानं स्टेशनपर्यंत गाडीत बसायचा, तो पायी जाऊ लागला. तेवढा एक फायदा. पण घरात आल्यावर बायको म्हणाली, "बघितलंत? गाडी चांगली होती. तुम्ही तिला बदनाम केलंत."

"बदलल्यावर सगळ्यांची तोंडं बंद होतील," अगोदरराव म्हणाले. "जुना पट्टा बाहेर येऊ दे. चिरा बघतील तेव्हा कळेल."

इथे त्यांच्या मनात जे शिरलं ते लपवण्यात अर्थ नाही. ज्या माणसानं जन्मभर कुठे काही तडकू नये म्हणून धडपड केली, तो मनोमन इच्छा करू लागला, की आत पट्टा चांगला भेगाळलेला निघावा. दोन-तीन दात पडलेले असले तर उत्तमच. जावई बघायला जाऊन खोट निघावी म्हणून वाट बघणाऱ्या बापासारखी त्यांची स्थिती झाली.

वस्ताद उजाडताच येतो म्हणाले होते, ते ऊन डोक्यावर आल्यावर आले. चाक काढलं. इंजिनाखाली जॅक लावून त्याला आधार दिला. इंजिनाचा बाजूचा पाय सोडवला, झाकण उतरवलं. तोवर पार्किंगमध्ये मंडळी जमली होती. कुणी खुर्ची आणली. वस्तादांनी पट्टा बाहेर काढला आणि उजेडात धरला.

पट्टा काळाभोर, गुळगुळीत आणि टवटवीत होता. दात कोवळ्या पोराचे असावेत तसे एकसारखे. चीर औषधाला नव्हती.

पट्टा हातोहात फिरला. सेक्रेटरींनी वाकवून पाहिला. हेडसरांनी ताणून पाहिला, नाकाशी नेऊन वासही घेतला, आणि निकाल दिला, "नवाकोरा आहे हो."

"आतून जुना झालेला असतो," अगोदरराव म्हणाले. "बाहेरून कळत नाही."

"ते तर आपलं सगळ्यांचंच," हेडसर म्हणाले.

हशा झाला. अगोदररावांनी पट्टा शांतपणे परत घेतला, पुसला, गाडीच्या मागच्या सीटखाली ठेवला आणि वस्तादांना म्हणाले, "नवा घाला." सैन्य पळालं तरी झेंडा न सोडणाऱ्या शिपायाचा तो आवाज होता. बायको गॅलरीतून बघत होती. तिनं हे मनात नोंदवून ठेवलं. कुठल्या बाजूला मांडायचं ते तिचं अजून ठरलं नव्हतं.

पण नवा पट्टा एकटा जातो कुठे? वस्ताद आत डोकं घालून म्हणाले, "साहेब, उघडलंच आहे तर पाण्याचा पंपही बदलू. हाच पट्टा त्याला फिरवतो. उद्या पंप गळला तर पुन्हा एवढं सगळं उघडायचं." हे अगोदररावांना पटलं, कारण पुस्तकातही तसंच होतं. मग वस्ताद म्हणाले, उघडलंच आहे तर टेन्शनर. पट्टा सैल पडू नये म्हणून जो भाग स्वतः रात्रंदिवस ताणात राहतो, तो टेन्शनर. अगोदररावांना तो भाग पाहताक्षणी जवळचा वाटला. मग ऑइल सील, मग बाहेरचा छोटा पट्टा, मग ज्या रबरी पायावर इंजिन बसतं तो पाय. 'उघडलंच आहे तर' या तीन शब्दांत केवढी ताकद आहे, हे ज्यानं घराला रंग काढलाय त्यालाच कळेल.

अगोदरराव पिशवी घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार माणसाकडे न बघता डबा पुढे सरकवणाऱ्यांपैकी. सगळं आणलं, आणि पंप बसेना. भोकं एकीकडे, बोल्ट दुसरीकडे. अगोदरराव परत दुकानात.

"हा आमच्या गाडीचा नाही."

"याच गाडीचा आहे."

"बसत नाही."

दुकानदारानं पहिल्यांदाच मान वर केली. "पंप बरोबर आहे. गाडी या पंपाची नसेल, त्याला मी काय करू?"

"बदलून द्या."

"उघडलेला डबा परत घेत नाही."

"उघडल्याशिवाय कळणार कसं?"

"ते ज्यानं त्यानं अगोदर बघायचं," दुकानदार म्हणाला.

अगोदररावांना कुणीतरी त्यांच्याच चपलेनं हाणावं तसं झालं. हे वाक्य त्यांचं होतं. दावे विभागात त्यांनी ते किती जणांना ऐकवलं असेल याची गणती नव्हती. टेबलाच्या या बाजूनं ते कसं ऐकू येतं, हे त्यांना आज कळत होतं. पण ते हलले नाहीत. काउंटरपाशी उभे राहिले, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मृदू आवाजात सांगू लागले, "नीट बघून घ्या हं. इथे उघडलेला डबा परत घेत नाहीत." चौथं गिऱ्हाईक तसंच माघारी फिरलं, तेव्हा दुकानदारानं मुकाट्यानं दुसरा डबा काढला.

विजयी होऊन ते पार्किंगमध्ये शिरले, तर गाडीभोवती भलतीच शांतता. वस्ताद चहाला गेले होते ते नुकतेच परतले होते आणि कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे बघत होते. पट्टा काढण्यापूर्वी त्यांनी वरच्या आणि खालच्या चाकावर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या होत्या. त्या खुणा समोरासमोर राहिल्या तरच ताल जमतो. आता वरची खूण भलतीकडे तोंड करून बसली होती.

"कुणी हात लावला?" वस्तादांनी विचारलं.

 सेक्रेटरींनी छताकडे बघितलं.

"पट्टा नसताना फिरवलं तर आतले व्हॉल्व्ह वाकू शकतात. मग इंजिनाचं डोकं उघडावं लागेल," वस्ताद म्हणाले, आणि सवयीनं पुढे म्हणाले, "उघडलंच आहे तर..."

"नाही," अगोदरराव म्हणाले.

तेव्हा खुर्चीतून एक बारीक आवाज आला. "मी फक्त फिरतंय का ते बघितलं. बोटानं." ते हेडसर होते.

"सर," अगोदरराव म्हणाले, "चालत्या यंत्राला हात लावू नये ना?"

"चालत कुठे होतं?" हेडसर म्हणाले. पण त्यांची मान खाली होती, आणि शाळेत ज्यांनी त्यांची मान वर बघितली होती त्यांना ती खाली बघवेना. जमलेल्यांपैकी निम्मे त्यांचे विद्यार्थी होते.

गॅलरीतून बायको खाली आली. तिच्या मागे लेक. कुणी काही म्हणायच्या आत लेक म्हणाली, "बाबा, मैत्रिणीला फोन करू का? बसमध्ये जागा आहे अजून."

तिनं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. म्हणूनच ते लागलं. अगोदररावांनी बाह्या वर केल्या. "कर फोन," ते म्हणाले, "आणि सांग, तू बाबांबरोबर येतेयस. सर, तुम्ही उठा. बॅटरी धरा."

हेडसरांनी बॅटरी धरली. कान धरून उभं केल्यासारखे ते गाडीपाशी ताठ उभे राहिले आणि उजेडाचा झोत त्यांनी तसूभर हलू दिला नाही. अगोदररावांनी पुस्तक उघडून पान धरलं, वस्तादांनी वरचं चाक केसाकेसानं मागे आणलं. खूण खुणेला भिडली. नवा पंप बसला, टेन्शनर ताणला गेला, नवा पट्टा चढला. मग वस्तादांनी पाना लावून इंजिन हातानं फिरवायला घेतलं. आत काही वाकलेलं असेल तर इथेच अडणार होतं. पार्किंगमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. पाना वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. कुठेही अडला नाही.

"होऊन गेलं," वस्ताद म्हणाले. त्यांनाच नवल वाटल्यासारखं दिसलं.

सगळं परत जोडून अगोदररावांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. लोक कान देऊन ऐकू लागले.

"काय फरक पडला?" बायकोनं विचारलं.

"काहीही नाही," अगोदरराव म्हणाले, आणि मुलगा पहिला आल्याचं सांगावं तशा तोऱ्यात म्हणाले.

खरी अडचण हीच होती. जे घडलंच नाही त्याचा पुरावा माणसानं आणायचा कुठून? तुटलेला पट्टा दाखवता येतो. न तुटलेला पट्टा तुमच्याच विरुद्ध साक्ष देतो. तरीही निघायच्या दिवशी सकाळी गाडी पुसून उभी होती, आणि लेक बसनं जाणार नव्हती. अगोदररावांच्या हिशेबात जमेची बाजू तेवढीच होती, पण ठळक होती.

आता सामान. एक बॅग आणि एक पिशवी असं ठरलं होतं. पण बायकोनं 'उघडलंच आहे तर' हे तीन शब्द गॅलरीतून नीट ऐकले होते. "गाडी नेतोच आहोत तर," ती म्हणाली, आणि गादीची वळकटी आली. गाडी नेतोच आहोत तर बादली, कुकर, टेबलफॅन, इस्त्री, जुन्या उशा, आणि गावी मिळत नसल्यासारखा एक झाडू. मागच्या सीटवर लेकीपुरती जागा उरली. बाकी सगळं डिकीत कोंबलं. निरोप द्यायला बिल्डिंग खाली उतरली होती. अगोदररावांनी डिकी ढकलली. लागेना. जोरात ढकलली. लागेना. मग त्यांनी दोन्ही हातांनी, पाय रोवून, दणका दिला.

खट्ट असा आवाज झाला, आणि डिकीचं लॉक तुटून टुणकन जमिनीवर पडलं.

कुणी हसलं नाही, हे सर्वांत वाईट. हेडसर खाली वाकले, त्यांनी तुकडा उचलला आणि अगोदररावांच्या तळहातावर ठेवला. अगोदररावांनी ओठ घट्ट मिटून घेतले. एक वाक्य आतून वर येत होतं. ते त्यांनी गिळलं.

"दोरी बघा कुणाकडे," सेक्रेटरी म्हणाले. कुणाकडे दोरी नव्हती. कुठल्याही घरात दोरी असते, पण ती हवी असते तेव्हा नसते. कोपऱ्यावर कंपनीची बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरून हातपाय ताणत होता, आणि मैत्रीण खिडकीतून हात हलवत होती.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "जाऊ दे तिला बसनं. आपण मागाहून सामान पाठवू."

लेकीनं बसकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग ती गाडीत शिरली, सीटखाली हात घातला आणि जुना पट्टा बाहेर काढला. डिकीच्या आतल्या कडीतून ओवून तिनं तो खालच्या, गाडी ओढायच्या हुकाला अडकवला, एक पीळ दिला. डिकी अर्धी मिटली आणि घट्ट बसली. दात एकमेकांत रुतले होते.

"बाबा, हा चालेल?"

आता बिल्डिंग अगोदररावांकडे बघू लागली. सेक्रेटरींनी घसा साफ केला. "तो पट्टा तर तुटायला झालाय ना? दाखला आहे तसा. बोर्डावर."

माणसाच्या आयुष्यात असे क्षण फार नसतात. हा पट्टा तुटेल म्हटलं, तर लेक बसनं जाणार. तुटणार नाही म्हटलं, तर अर्ज, कमिटी, दाखला, पंप, एवढा सगळा खटाटोप अख्ख्या बिल्डिंगसमोर फुकट गेला. अगोदररावांनी पट्टा मुठीत धरून ओढून पाहिला. तो इंचभर हलला नाही. टवटवीत होता मेला.

"तुटणार नाही," ते म्हणाले.

"नक्की?"

"अजून खूप वर्षं तुटणार नाही." आणि ते गाडीत जाऊन बसले.

बायको शेजारी, लेक मागे, आणि गाडी घाट चढू लागली. अगोदरराव कान टवकारून इंजिन ऐकत होते. ते नव्या पट्ट्यावर निर्वेध गुणगुणत होतं. आरशात बघितलं की मागे अर्धी मिटलेली डिकी दिसत होती, जुना पट्टा तिला धरून बसला होता. एक वळणदार चढ ओलांडला, तशी कंपनीची बस कडेला उभी दिसली. बॉनेट उघडलेलं, मंडळी खाली उतरलेली, मैत्रीण दगडावर बसलेली. अगोदररावांनी गाडी थांबवली. वळकटी मांडीवर घ्यायच्या बोलीवर मैत्रीणही आत कोंबली गेली. ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून कुणाला तरी फोनवर काहीतरी सांगत होता. काय सांगत होता ते अगोदररावांना न ऐकता कळलं. त्यांनी फक्त बायकोकडे बघितलं.

"हो, हो," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली. "दिसलं मला."

तेवढंच. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढं म्हणजे पुष्कळ.

घाटापलीकडे मैत्रिणीला तिच्या दारात उतरवून ते लेकीच्या खोलीवर पोचले. सामान वर गेलं, गादी अंथरली गेली, टेबलफॅन लागला. अगोदररावांनी खोलीतला नळ तपासला, दाराची कडी तपासली, दिव्याचा होल्डर हलवून पाहिला. मग तपासण्यासारखं काही उरलं नाही, तरी ते खिडकीच्या बिजागरीशी थोडा वेळ उभे राहिले.

"निघायचं ना?" बायको म्हणाली.

खाली आल्यावर रिकाम्या डिकीला लेकीनं स्वतः पुन्हा पट्टा बांधला. एक पीळ जास्तच दिला. "घाटात हळू जा बाबा," ती म्हणाली. "आणि पोचल्यावर फोन करा. विसरू नका."

हे सगळं तिला म्हणण्यासाठी त्यांनी सकाळपासून तोंडात तयार ठेवलं होतं. ते तिनं त्यांच्या अगोदर म्हणून टाकलं.  ते डिकीशी उगाच वाकले, पट्टा चाचपत राहिले, चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात घरमालकीणबाई फाटकापाशी आल्या. चांगल्या, चौकस बाई. त्यांनी पट्टा बघितला, अर्धवट मिटलेली डिकी बघितली, आणि सहानुभूतीनं विचारलं, "लॉक मोडलं वाटतं?"

अगोदररावांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते लेकीकडे बघत होते, ती केवढी झाली ते बघत होते.

"काय सांगू," ते म्हणाले, "काल तर ठीक होतं."